टूरमधे दगड कायले पाहिजे बाप्पा?

परवा रविवारी राईड संपवून तर्री पोहे खायला थांबलो आणि पोहे राहिले बाजूला, भांडणच सुरू झालं. विषय काय, तर टूर दि फ्रान्स या सायकल शर्यतीत ते दगडी रस्ते असावेत की नसावेत. नागपुरात सकाळी साडेआठ वाजता घामाने चिकचिकलेली सहा माणसं फ्रान्सच्या दगडांवरून एकमेकांच्या अंगावर धावून जातायत, पोहेवाले भाऊ झारा हातात धरून बघतायत, शेवटी तेच म्हणाले, "तर्री टाकू का अजून, का भांडूनच पोट भरलं?" तिथे माझं बोलणं कुणी पूर्ण होऊ दिलं नाही म्हणून इथे लिहून राहिलो. लांब होईल, आधीच सांगतो, ज्याला कंटाळा येईल त्याने लाईक करून पुढे जावं.

ज्यांना सायकलिंगचं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टूर म्हणजे २१ टप्पे, २३ दिवस, साधारण साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, आणि सगळ्या टप्प्यांचा वेळ बेरीज करून ज्याचा सगळ्यात कमी तो जिंकला. म्हणजे पाचव्या दिवशी दोन मिनिटं गेली तर ती शेवटच्या दिवसापर्यंत डोक्यावर बसलेली असतात. आणि दगड म्हणजे आपल्या गल्लीतले गट्टू (पेव्हर ब्लॉक) नाहीत बरं का. उत्तर फ्रान्समधे रुबेच्या बाजूला शेतांमधून जाणारे जुने रस्ते आहेत, त्यातला एकेक दगड वरून लादीपावासारखा फुगलेला, मधे फटी, कडेला माती, पाऊस असला की चिखल आणि नसला की धूळ. त्यांच्यावरून पॅरिस-रुबे नावाची एक दिवसाची शर्यत १८९६ पासून होते, अडीचशेच्या वर किलोमीटर, त्यात पन्नासच्या वर किलोमीटर नुसते दगड, आणि जिंकणाऱ्याला बक्षीस काय देतात तर एक दगड. खरंच दगड. मधे एक काळ असा आला की तिकडच्या गावांनी हे रस्ते डांबरी करायला घेतले, तर शर्यतीच्या प्रेमींनी ते वाचवायला संघटना काढली आणि ती आजही निखळलेले दगड परत बसवते. आपल्याकडे रस्ता नीट करा म्हणून मोर्चा, तिकडे रस्ता नीट करू नका म्हणून संघटना!

तर पॅरिस-रुबेबद्दल कुणाचंच भांडण नाही. भांडण हे आहे की अधूनमधून टूरवाले यातलेच काही तुकडे उचलून आपल्या एखाद्या टप्प्यात टाकतात, आणि मग साठ किलो वजनाचे, डोंगरावर हरणासारखे जाणारे पोरं त्या दगडांवर पॉपकॉर्नसारखे उडतात.

आमच्या ग्रुपमधे एक डॉक्टर आहेत, त्यांचं म्हणणं एकदम साफ. "वर्षभर घासून रायला माणूस, अन् पाचव्या दिवशी गोट्यावर टायर फुटला म्हणून टूर गेली? हा कोणता न्याय आहे बे? पाय मोजा ना, नशीब कायले मोजता?" आणि मग त्यांनी हुकमी पत्ता काढला, २०१४. म्हणे फ्रूम आदल्या वर्षीचा विजेता आणि दगडांच्या टप्प्यात पडून घरी गेला, संपला विषय.

इथेच मी अडवलं, कारण मीही कितीतरी वर्षं हेच म्हणत होतो. २०१४ ला त्या टप्प्यानंतर मी लॅपटॉप बंद करून दोन दिवस टूर बघितली नव्हती इतका वैतागलो होतो. पण नंतर शांतपणे बघितलं तर फ्रूम दगडांवर पडलाच नाही, पहिला दगड यायच्या आधीच ओल्या डांबरावर पडून तो शर्यत सोडून टीमच्या गाडीत बसला. २०१८ ला रिची पोर्ट, तसंच. रुबेचा टप्पा, पहिल्या दहाएक किलोमीटरमधेच पडला, कॉलरबोन गेलं, दगड अजून कितीतरी लांब होते. २००४ ला इबान मायो, डोंगरावरचा बादशाह, तोही दगड सुरू व्हायच्या तोंडावर पडला आणि जवळपास चार मिनिटं गमावून बसला. २०२२ ला रॉग्लिच रस्त्यात आलेल्या गवताच्या गठ्ठ्यामुळे आपटला, खांदा निखळला, तर कुणा प्रेक्षकाच्या खुर्चीवर बसून स्वतःच खांदा जागेवर बसवला आणि पुढे निघाला (हे वाचून आमचे डॉक्टरसाहेब ट्रीटमेंट चुकली म्हणतील ते वेगळं).

मग पाडतं काय? दगड नाही पाडत, दगड येणार आहेत ही भीती पाडते. अरुंद रस्ता येणार, तिथे जो मागे राहिला तो अडकला, म्हणून प्रत्येक टीमला आपला लीडर पहिल्या वीसात पाहिजे. टीम वीसच्या वर आणि पहिल्या वीसात जागा वीसच. त्यामुळे दगड यायच्या आधीचे दहा किलोमीटर म्हणजे बर्डीच्या बाजारात दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सगळे एकाच गल्लीत घुसायला बघतात ना, तसं, फक्त ताशी पन्नास-साठच्या स्पीडने.

हां, प्रामाणिकपणे सांगायचं तर २०१० चा फ्रांक श्लेक मात्र दगडांवरच पडला, कॉलरबोन मोडलं, टूर संपली. पण गंमत बघा, त्याच दिवशी त्याचा सख्खा भाऊ अँडी, तो पण तसाच काडीपैलवान, कॅन्सेलाराच्या मागच्या चाकाला चिकटून गेला आणि त्याने टूर जिंकायचा दावेदार असलेल्या कॉन्टाडोरवर वेळ कमावला. कॅन्सेलारा कोण, तर त्याच वर्षी एप्रिलमधे पॅरिस-रुबे जिंकलेला माणूस. म्हणजे एकाच घरातले दोघं, साधारण एकाच वजनाचे, एकाच टीमचे, एक घरी गेला आणि एकाने कमावलं. याला तुम्ही नशीब म्हणा, मी अर्धं नशीब आणि अर्धं कुणाचं चाक धरायचं याची अक्कल म्हणतो.

आता माझं मत कसं बदललं ते. सांगायला लाज वाटते पण सांगतो. आमच्या घराकडे जाणारा सिमेंट रोड खोदून ठेवलेला होता (कुणी खोदला, कशाला खोदला, ते जाऊ द्या, बीपी वाढतं) आणि दोन महिने मला गट्टूच्या गल्लीतून फिरून जावं लागायचं, अर्धे गट्टू उखडलेले, मधे मुरूम. माझ्याकडे तेव्हा २३ मिलिमीटर रुंदीचे टायर, त्यात हवा अशी ठासून भरलेली की टायर वाजवला तर टणटण आवाज येईल. पहिल्या आठवड्यात दोन पंक्चर, हाताला मुंग्या, बाटली उडून नालीत. मग हळूहळू कळायला लागलं. हवा कमी केली. हँडल गच्च धरायचं सोडलं, कारण जितकं गच्च धरू तितकं ते हातातून निसटायला बघतं. जड गिअर टाकून बसून रेटायचं, ब्रेकला हात लावायचा नाही, नजर चाकापुढे नाही तर वीस फूट लांब. दोन महिन्यांनी तीच गल्ली मी दुप्पट स्पीडने पार करत होतो. रस्ता तोच, गट्टू तेच, उलट पावसानंतर अजून खराब झाले होते. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अरे हे तर शिकता येतं, आणि जे शिकता येतं ते नुसतं नशीब कसं?

म्हणूनच २०१४ मला आता वेगळं दिसतं. त्या दिवशी जिंकला लार्स बूम, पण खरी करामत निबालीची. सिसिलीचा माणूस, दगडांच्या गावचा नाही, एकदिवसीय दगडी शर्यतींमधला मोठा खेळाडू पण नाही, आणि त्या चिखलात तिसरा आला, कॉन्टाडोरवर अडीच मिनिटांच्या वर काढली. मग कुणी म्हणेल दगडांनी टूर जिंकून दिली. नाही हो! त्याने पुढे डोंगरात तीन टप्पे जिंकले आणि पॅरिसला पोचला तेव्हा दुसऱ्या नंबरवर साडेसात मिनिटांच्या वर लीड होती. दगडांचे ते अडीच मिनिट काढून टाका, तरी तोच जिंकतो. २०२२ ला विंगेगार्डची सायकल दगडांच्या टप्प्यात बिघडली, गडबडीत टीममधल्या उंच गड्याची सायकल हातात आली, पाय पुरेना, मग परत सायकल बदलली, तिकडे मुख्य प्रतिस्पर्धी पोगाचार पळतोय, आणि त्याच्याच टीममधल्या वान आर्टने स्वतःच्या अंगावर पिवळी जर्सी (एकूण वेळेत पहिला असतो त्याची) असताना त्याला ओढत ओढत आणलं. शेवटी नुकसान किती, १३ सेकंद. टूर कुणी जिंकली, विंगेगार्डने. दगडांमुळे टूर हरलेले आहेत, मायोचं उदाहरण वर दिलंच, पण दगडांमुळे भलताच कुणी टूर जिंकून गेला असं एक उदाहरण डॉक्टरसाहेबांनी मला द्यावं, पुढच्या रविवारचे पोहे माझ्याकडून.

आमच्यात एक काका आहेत, सायकल कमी आणि क्रिकेट जास्त. त्यांनी मधेच टाकलं, "अरे बेटा, पिचचं भांडण नागपूरवाल्याले सांगता का?" आणि खरंच की. २००४ ला सिव्हिल लाईन्सच्या ग्राउंडवर हिरवंगार पिच निघालं आणि ऑस्ट्रेलियाने आपल्याला ३४२ रननी धुतलं, सिरीज पण गेली. २०१५ ला जामठ्याच्या ग्राउंडवर चेंडू असा वळला की साऊथ आफ्रिका ७९ वर ऑलआउट, तीन दिवसांत मॅच खल्लास, आयसीसीने पिचला खराब म्हणून शेरा मारला. काकांचं म्हणणं, सिरीजमधे एखादं पिच वेगळं असतंच, तिथे पण जो उभा राहतो तो बॅट्समन. मला हे अर्धं पटलं. अर्धं नाही, कारण पिच दोन्ही टीमला तेच असतं, पण दगडावर टायर एकाचाच फुटतो आणि मागे टीमची गाडी धुळीत अडकलेली असते. मोठ्या टीम प्रत्येक तुकड्याच्या टोकाला चाकं घेऊन माणसं उभी करतात, छोट्या टीमकडे तेवढी माणसंच नसतात. दगडांवर खरा आक्षेप घ्यायचा असेल तर तो इथे घ्या, डॉक्टर. याला माझ्याकडे उत्तर नाही. आता ३०-३२ चे ट्यूबलेस टायर आल्याने पंक्चर कमी झालेत, पण पैशाचा फरक टायरने जात नाही.

आणि "ही डोंगरवाल्यांची शर्यत आहे, त्यांना दगडावर कशाला घालता" हे तर मला अजिबातच पटत नाही. ऐंशी किलोचा स्प्रिंटर आल्प्समधे रडत रडत चढतो, वेळेच्या मर्यादेत नाही आला तर सरळ घरी, त्याच्यासाठी कुणी कधी म्हटलं का की डोंगर काढा, अन्याय होतो? टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्ध पळायचं) आहे, आडवा वारा आहे, उतार आहेत, तीन आठवडे म्हणजे सगळंच आलं की त्यात. जुन्या काळचा फ्रेंच टूर विजेता इनो, त्याचं उदाहरण घ्या. दगडांना मनापासून शिव्या घालणारा माणूस, पण १९८० च्या टूरमधे पावसात लीलचा दगडांचा टप्पा त्यानेच जिंकला (पुढे गुडघ्याने दगा दिला आणि पिवळ्या जर्सीतच शर्यत सोडावी लागली, तो भाग दुःखाचा) आणि १९८१ ला पॅरिस-रुबेलाही जाऊन जिंकून आला. आवडत नाही म्हणून येत नाही असं नाही केलं. पोगाचार २०२५ ला पहिल्यांदाच पॅरिस-रुबे खेळला आणि वळणावर पडूनसुद्धा दुसरा आला.

आणि एक, दगड नकोच म्हणणाऱ्यांनी पॅरिसच्या शॉन्झेलिझेकडे पण बघावं. टूर १९७५ पासून जिथे संपत आली तो रस्ता दगडीच आहे! शेतातल्यासारखा ओबडधोबड नाही, मान्य, पण डांबर पण नाही. २०२५ ला तर शेवटच्या दिवशी पॅरिसमधल्याच मोंमार्त्रची दगडी चढण पण टाकली, पाऊस आला तेव्हा एकूण वेळ आधीच मोजून घेतला आणि मग ज्यांना लढायचं ते लढले, वान आर्ट जिंकला. हा तोडगा मला फार आवडला.

मग माझं म्हणणं काय? दगड असावेत, पण दरवर्षी नको, तीन-चार वर्षांतून एकदा, वीसेक किलोमीटरच्या आत. आणि कृपा करून तिसऱ्या-चौथ्या दिवशी नको. तेव्हा पंचवीस जणांना वाटत असतं की आपण टूर जिंकू शकतो, सगळे एकमेकांपासून सेकंदांवर, म्हणून सगळेच जीव काढून पुढे घुसतात. आधी एखादा डोंगर नाहीतर टाइम ट्रायल होऊन जाऊ द्या, अंतर पडू द्या, म्हणजे अर्ध्या लोकांना त्या गल्लीत घुसायचं कारणच उरत नाही. आता दगड उत्तरेला आणि डोंगर दक्षिणेला, त्यामुळे नकाशा बसवणं अवघड, कळतं मला, पण एवढी मोठी शर्यत भरवता तर तेवढं डोकं लावा ना. पाऊस जास्त झाला तर तुकडे काढा, २०१४ ला दोन काढलेच होते. पॅरिस-रुबेवाल्यांनी २०२४ ला आरेनबर्गच्या जंगलातल्या दगडी तुकड्यात शिरायच्या आधी मुद्दाम वळण टाकून स्पीड कमी करायला लावला, तेव्हा काहींनी नाकं मुरडली, मला तरी ते शहाणपणाचं वाटलं.

खडीच्या रस्त्यांचं मात्र मला अजून जमत नाही. २०२४ ला त्र्वाच्या टप्प्यात १४ तुकडे होते, ३२ किलोमीटर, दिसायला सुंदर, पांढरी धूळ, ड्रोनचे शॉट. पण दगड जागेवर तरी बसलेला असतो, खडी आपल्या चाकाखालून सरकते. आमच्याकडे नवीन रोड करायच्या आधी गिट्टी टाकून महिनाभर ठेवतात, त्याच्यावर दोनदा गुडघे फोडून घेतल्यामुळे असेल, पण याच्यावर माझं मत निःपक्ष नाही. यावर वेगळं भांडू.

तर डॉक्टरसाहेब, पुढच्या रविवारी अंबाझरीवरून फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ नेहमीसारखा तुम्ही जिंका, आणि परत येताना आमच्या गट्टूच्या गल्लीतून. रोड अजून झालेला नाही. ट्यूब दोन आणा.