पट्टी कुणाची, धूर कुणाचा

हिवाळा लागला की मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच वाद पुन्हा पेटतो. परदेशी अॅपवर हवेचा निर्देशांक 154, सरकारी ‘समीर’ अॅपवर 100. म्हणजे परदेशी अॅपवाले आपली बदनामी करतात. लंडनहून कुणी शंका काढली, तर उत्तर तयारच असतं: तिकडे बसून शिकवू नका.

शिकवतो थोडं, कारण 154 आणि 100 हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम पीएम 2.5, म्हणजे फुप्फुसात खोल शिरणारे बारीक कण, चोवीस तासांची सरासरी. भारतीय पट्टीत ही ‘समाधानकारक’ गटाची शेवटची पायरी, निर्देशांक 100. अमेरिकेने 2024 मध्ये आपली पट्टी कडक केली, तिथे हीच हवा 154 आणि शेरा ‘अपायकारक’. इथे ब्रिटनमध्ये पट्टी 1 ते 10 ची. त्यावर 8, म्हणजे ‘हाय’, आणि दम्याच्या माणसांना दगदग कमी करण्याचा सल्ला. धूर तेवढाच, शेरे तीन.

गंमत म्हणजे हवा खरोखर घाण झाली की हे भांडण विरतं. 300 मायक्रोग्रॅमला भारतीय आणि अमेरिकी, दोन्ही निर्देशांक चारशेपार असतात. शेऱ्यांतली तफावत जाणवते ती 30 ते 90 च्या टप्प्यात, आणि मुंबई-पुण्याचे हिवाळ्यातले कितीतरी दिवस नेमके तिथेच जातात. दिल्लीवाल्याला कुठलीही पट्टी द्या, शेऱ्यात फारसा फरक पडत नाही. आपल्याला पडतो. अगदी वरच्या टोकाला मात्र भारतीय पट्टी 500 ला थांबते आणि काही अॅप पुढे मोजत राहतात. त्या स्क्रीनशॉटवरून ओरड होते, तीही फुकटची.

दुसरा गोंधळ वेळेचा. सरकारी निर्देशांक पीएम 2.5 साठी मागच्या चोवीस तासांची सरासरी धरतो, बरीच अॅप ताज्या तासाकडे झुकतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री एक वाजता दोन्ही शेजारी ठेवले तर ते जुळणारच नाहीत. सरासरीला किमान सोळा तासांच्या नोंदी लागतात, म्हणजे आठ तास गायब असले तरी आकडा निघतो. ते आठ तास नेमके रात्रीचे असतील तर आकडा देखणा निघतो. काही अॅप ज्यांचे आकडे घेतात त्या स्वस्त सेन्सरचीही खोड आहे: त्यात लेझरचा प्रकाश कणांवरून विखुरतो, दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि वाचन चढतं. सरकारी केंद्रातलं बीटा किरणांचं यंत्र हवा तापवून आत घेतं, म्हणून त्याला हा त्रास कमी.

तिसरी फसगत तर पत्रकारांचीही होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकाच्या पानावर पीएम 2.5 समोर दिसणारा आकडा मायक्रोग्रॅम नसतो, उपनिर्देशांक, म्हणजे त्या एका प्रदूषकाचा निर्देशांक असतो. तिथे 300 दिसलं तर हवेत 120 मायक्रोग्रॅम आहेत, 200 ला 90. शंभरपर्यंत सरळ 0.6 ने गुणा. मूळ मोजमाप हवं असेल तर मंडळाच्याच सततच्या नोंदींच्या पोर्टलवर केंद्र निवडून पाहावं लागतं. शहराचा एकच आकडा वाचू नका, ती केंद्रांची सरासरी असते.

आता मूळ दुखण्याकडे. पीएम 2.5 साठी दिवसाला 60 आणि वर्षाला 40 मायक्रोग्रॅम ही आपली मर्यादा 2009 ची. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 आणि 5 सांगितले. आपली परिस्थिती वेगळी, धुळीचा देश, हे मान्य. गाठता येईल अशी सैल मर्यादा ठेवायलाही हरकत नाही. पण तिच्यावर ‘समाधानकारक’ लिहायला कुणी सांगितलं? ब्रिटिशही सोवळे नाहीत, 35 पर्यंत त्यांच्याकडे ‘लो’च असतं.

पुण्याचेच प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री असताना डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत म्हणाले होते की प्रदूषणाने आयुष्य घटतं असं एकही भारतीय अभ्यास दाखवत नाही. त्याच्या वर्षभर आधी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा सहभाग असलेल्या अभ्यासाने 2017 मधल्या 12.4 लाख मृत्यूंचा संबंध हवेशी जोडला होता. ही चाल जुनी आहे. 1952 च्या डिसेंबरातल्या लंडनच्या धुरक्यानंतर मृत्यू थांबेनात, तेव्हा इथल्या सरकारने फ्लूवर खापर फोडलं होतं. लंडनच्या लुइशम भागातली नऊ वर्षांची एला किस्सी-डेब्रा 2013 मध्ये गेली. तिच्या मृत्यूच्या कारणांत हवा प्रदूषण लिहिलं जायला दुसरी चौकशी आणि 2020 साल उजाडावं लागलं. घराजवळच्या केंद्राच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या, म्हणून ते सिद्ध करता आलं.

आणि आपण भांडतो फटाक्यांवर. ‘आमच्याच सणांवर का?’ म्हणणाऱ्यांनी बॉनफायर नाइटनंतरचे, म्हणजे ब्रिटनच्या फटाक्यांच्या रात्रीनंतरचे इथले आलेख पाहावेत, ते वर जातातच. पण एका रात्रीने वार्षिक सरासरी ठरत नाही. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये 70 मीटरहून उंच बांधकामांभोवती 35 फुटी पत्रे लावायला सांगितले. चांगलंच, पण पत्रा अडवतो जाड धूळ. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमही शहरांचं यश मुख्यतः पीएम 10 वर, म्हणजे जाडसर कणांवर मोजतो, म्हणून रस्ते झाडायची यंत्रं घेणं सोयीचं पडतं. बारीक कणांचा मोठा वाटा ज्वलनातून येतो, आणि कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड हवेतच सल्फेटचे कण बनतो. तो गाळणारी यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर 2015 चा. मुदती वाढत गेल्या आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक औष्णिक संचांना त्यातून सूटच मिळाली. यावर ग्रुपवर एक फॉरवर्ड नाही.

तिकडे बसून बोलतो हे खरं. जास्त धूर ओकणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारा यूलेझ ग्रेटर लंडनभर लागू झाला तेव्हा माझं मत कुणी विचारलं नाही आणि मलाही द्यावंसं वाटलं नाही. सकाळी उघडतो ते ‘समीर’च, त्यात चंद्रपूर, सोलापूर, शिवाजीनगर. ज्या हवेत मी श्वास घेत नाही तिच्यावर बोलायचा हक्क मला आहे का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हक्क नाही म्हणून गप्प बसणंही जमत नाही.

तुम्ही मात्र तिथे आहात. नगरसेवकाला निर्देशांक विचारू नका. जवळच्या केंद्राची पीएम 2.5 ची वार्षिक सरासरी मायक्रोग्रॅममध्ये मागा, आणि वर्षातले किती तास त्या केंद्राने नोंद केलीच नाही, तेही.