जवान बोलू लागला तर घाबरू नका

तुमच्या डीपीवर जवानाचा फोटो आहे. झेंडावंदनाला तुम्ही पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत असता, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी लिफ्ट बंद असल्याचं रडगाणं लावलं की ‘तिकडे सीमेवर आपले जवान...’ असं म्हणून त्याला खाली बसवता. उत्तम. पण हे सगळं एका भरवशावर चाललंय, की जवान स्वतः तोंड उघडणार नाही. समजा उघडलं? अंगावर वर्दी असताना, लढाई चालू असताना तो म्हणाला, हे युद्धच चुकीचं आहे, तर? (निवृत्तांचं सोडा. त्यांना ‘तेव्हा का नाही बोललात?’ एवढं विचारलं की पुरे.)

घाबरू नका. जुन्याजाणत्या लोकशाह्यांनी याची तजवीज करून ठेवली आहे. तो काय म्हणाला त्याला उत्तर द्यायचंच नाही. त्याचं बोलणं दुसऱ्याच खात्यात जमा करून टाकायचं.

सगळ्यात सभ्य खातं दवाखान्याचं. 1917 साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, सिगफ्रीड ससून या ब्रिटिश लेफ्टनंटाने जाहीर लिहून दिलं, की बचावासाठी सुरू झालेलं युद्ध आता मुलूख जिंकण्याचं झालंय आणि ज्यांना ते थांबवता येईल तेच मुद्दाम लांबवतायत. पुढे 30 जुलैला हे निवेदन हाउस ऑफ कॉमन्समध्ये वाचलंही गेलं, पण त्याआधीच त्याची सोय लावून झाली होती. पंचाईत अशी, की गड्याला शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळालेला. भित्रा म्हणायची सोय नाही, कोर्ट मार्शल करावं तर बोभाटा. मग त्याचा जिवलग मित्र रॉबर्ट ग्रेव्हज मेडिकल बोर्डापुढे उभा राहिला, आणि ठरलं की ससूनच्या डोक्यावर युद्धाचा परिणाम झालाय. रवानगी एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात. तिथे तो गोल्फ खेळला, कविता लिहिल्या, आणि नोव्हेंबरात म्हणाला, ठीक आहे, जातो परत लढायला. झाला की बरा! युद्ध थांबवा म्हणत होता तोवर आजारी, खंदकात परतायला तयार झाला तसा ठणठणीत. एवढ्या झटपट तर आमच्याकडचा मांत्रिकही भूत उतरवत नाही.

पण दर वेळी मित्र आणि डॉक्टर कुठून आणणार? तेव्हा कपड्यांकडे वळा. सुझन श्नॉल ही अमेरिकन नौदलातली नर्स. ऑक्टोबर 1968 मध्ये तिने भाड्याच्या छोट्या विमानातून सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या लष्करी तळांवर युद्धविरोधी मोर्चाची पत्रकं उधळली. व्हिएतनाममध्ये आपलीच विमानं खेड्यांवर पत्रकं टाकतात, मग इथे का नको, असा तिचा साधा हिशेब. आणि वर्दी घालून मोर्चात जाऊ नका असा हुकूम असताना ती नेमकी वर्दी घालून मोर्चात चालली. तिचं म्हणणं होतं, व्हिएतनाममधल्या फौजांचं नेतृत्व केलेले जनरल वेस्टमोरलंड वर्दीत काँग्रेसपुढे (म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे) उभे राहून या युद्धाची बाजू मांडतात, मग मी वर्दीत विरोध का करायचा नाही? प्रश्न बिनतोड होता, म्हणून त्याच्या वाटेला कुणी गेलं नाही. सहा महिने सक्तमजुरी आणि बडतर्फी. तुम्हीही हा फरक पाठ करून ठेवा. वर्दीतला माणूस युद्धाच्या बाजूने बोलला तर ते तज्ज्ञाचं मत. विरुद्ध बोलला तर लष्करात राजकारण आणणं.

पुढच्याच वर्षी पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, औदार्य दाखवलं. विरोध करा की, फक्त छावणीबाहेर, सुट्टीच्या वेळात, वर्दी उतरवून आणि अमेरिकेतच. थोडक्यात, सैनिक म्हणून सोडून बाकी कसाही करा.

श्नॉलच्या मोर्चाला दोन दिवस उलटतात न उलटतात तोच, 14 ऑक्टोबरला, त्याच शहरातल्या प्रेसिडिओ छावणीच्या लष्करी तुरुंगात सत्तावीस कैदी सकाळच्या हजेरीतून बाहेर पडले आणि हिरवळीवर गोल करून बसले. बहुतेक सगळे पलटणीतून पळाले म्हणून आत आलेले. तीन दिवसांपूर्वी त्यांच्यातल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराला पहारेकऱ्याने शॉटगनने गोळी घालून मारलं होतं. तुरुंगाचा कॅप्टन समोर येऊन बंडाचं कलम वाचू लागला, तर पोरं गात राहिली. गाणं आपल्या ओळखीचं, ज्याचं ‘हम होंगे कामयाब’ आपण शाळेत घशाच्या शिरा ताणून म्हणतो ते. हातात शस्त्र नाही, शिवीगाळ नाही. गुन्हा कोणता? बंड. पहिल्याच निकालांत चौदा, पंधरा, सोळा वर्षं! पुढे आरडाओरडा झाल्यावर शिक्षा पुष्कळ खाली आल्या, पण तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. आकडा सांगताना सोळाच सांगावा, जरब बसते.

हे सगळं गोऱ्यांचं म्हणून नाक मुरडू नका, आपणही काही कमी नाही. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रातल्या नौसैनिकांनी संप केला. का केला, असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: जेवण निकृष्ट होतं, डाळीत खडे. होतेच. पण मागण्यांच्या यादीत आणखी एक ओळ होती: इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा. दुसऱ्याचं साम्राज्य पुन्हा बसवायला आमची माणसं नकोत, असं नोकरीतल्या पोरांनी लेखी मागितलं होतं. आपण खडे लक्षात ठेवले. शिवाय स्वातंत्र्य मिळाल्यावरही त्या संपकऱ्यांना नौदलात परत घेतलं नाही, म्हणजे साहेब गेला तरी शिस्त राहिली.

शेवटचा प्रकार मात्र अवघड आहे. 19 ऑगस्ट 2007 ला अमेरिकी लष्कराच्या 82व्या एअरबोर्न या छत्रीधारी डिव्हिजनच्या सात सैनिकांनी, इराकमध्ये नेमणुकीवर असतानाच, न्यूयॉर्क टाइम्समध्ये नावानिशी लेख लिहिला, की वॉशिंग्टनमधली चर्चा इथल्या वस्तुस्थितीला धरून नाही. लेख लिहून होईपर्यंत त्यांच्यातल्या एकाच्या डोक्यात गोळी लागली होती. हे ना वेडे, ना पळपुटे. वर शेवटी लिहून बसले, की आम्ही बांधील सैनिक आहोत, काम तडीस नेऊ. आता यांना कुठल्या खात्यात घालणार?

10 सप्टेंबरला इराकमधल्या फौजांचे प्रमुख जनरल पेट्रेयस छातीभर फिती लावून काँग्रेसपुढे बसले आणि परिस्थिती सुधारत असल्याचं सांगितलं. वर्दीवर कुणी आक्षेप घेतला नाही. त्याच दिवशी बगदादमध्ये एक लष्करी ट्रक उलटला आणि त्या सातांपैकी स्टाफ सार्जंट यान्स ग्रे आणि सार्जंट ओमर मोरा ठार झाले.

आता तुमचं काम सोपं. दोघांचे वर्दीतले चांगले फोटो शोधा, खाली पेटती पणती लावा, ‘शहीद’ लिहा. लेखाची लिंक तेवढी टाकू नका.