महसूलवाल्यांनो, आपल्या गावाचा इतिहास लिहा

नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो आणि वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावाचा इतिहास लिहायला बसलो. "साहेब, आता शिवचरित्र लिहा की," असं पुष्कळजण प्रेमानं सुचवतात. महाराजांवर लिहायला जाणकार माणसं आहेत. दहा पुस्तकं समोर ठेवून अकरावं करण्यापेक्षा ज्या कागदांत आपली हयात गेली, तेच पुन्हा उघडावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फेरफार (जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी), मोजणीचं टिपण, इनामाचे कागद आपल्याला वाचता येतात. बाहेरच्या अभ्यासकाला ती भाषा उमगायलाच खूप काळ जातो.

आमच्या गावची जुनी फेरफार वही घ्या. १९१८ चा शेवट, १९१९ ची सुरुवात. पानंच्या पानं वारसनोंदी. खातेदार मयत, वारस मुलगा अज्ञान, म्हणजे वयानं लहान, पालनकर्ती आई. खाली पुन्हा तेच. एका ठिकाणी आईही मयत, पालनकर्ता चुलता. नोकरीत अशा नोंदी मी कितीतरी मंजूर केल्या, पण त्या सुट्या सुट्या यायच्या. इथं त्या ओळीनं वाचल्या आणि पोटात कालवलं. इन्फ्लुएंझाच्या साथीचा तो काळ. वहीत मात्र साथीचा उल्लेख नाही, कारण वारसनोंदीत मृत्यूचं कारण लिहीत नाहीत. म्हणून "हे सगळे साथीनं गेले" असं मीही लिहिणार नाही. नोंदींच्या तारखा देईन, गावची मृत्यूनोंद मिळाली तर ताडून बघेन. कागद कुणी लिहिला, कधी, कुणाच्या जबाबावरून, हे विचारायची सवय आपल्याला चौकशी करतानाच लागलेली असते. इतिहासाला तीच हवी.

'मराठी रियासत' लिहिणारे इतिहासकार, रियासतकार सरदेसाई १९२५ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झाले. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादले, ते त्यानंतर! आणि आपल्या मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवता शिकवता पटवर्धनांच्या दप्तरातले कागद छापत राहिले.

जुन्या कागदांची मोडी लिपी मात्र शिकावीच लागते. सरावानं जमते, आपल्याला तर निम्मे शब्द आधीच ओळखीचे असतात. आणखी एक, सांगलीकरांसाठी. आपला जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला, सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. त्यामुळं वाळवा, शिराळा, तासगावकडचा त्याआधीचा कागद इथं सापडला नाही तर हात टेकू नका, साताऱ्यालाही चौकशी करा.

पाटील-कुलकर्ण्यांच्या वाड्यांत, माळ्यावर अजून रुमालात बांधलेली दप्तरं आहेत. वाडा पाडायला काढला की ती रद्दीत जातात. कुणाकडे असतील तर आधी पानापानाचे फोटो काढा. मोडी अडली तर मला पाठवा, वाचून देतो.