देणगीदाराची गाठ कुणाशी पडते?

आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप गेले तीन आठवडे एकाच विषयावर पेटलाय. साताऱ्याजवळच्या एका विशेष मुलांच्या शाळेला गाडी हवी आहे. जुनी गाडी घाटात दम तोडते आणि परळी खोऱ्यातल्या वाड्यांवरची सात-आठ मुलं त्यामुळं घरी बसली आहेत. पैसे उभे करायचे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. कसे, यावर नाही. एक गट म्हणतो, शाहू कलामंदिरात दणक्यात गाण्याचा कार्यक्रम करू, देणगी प्रवेशिका काढू, स्मरणिका छापून जाहिराती घेऊ. दुसरा गट म्हणतो, मानधन, साउंड, हॉल, पाहुण्यांची उतरायची सोय यांत तीन-साडेतीन लाख घालवायचे आणि हातात दीड-दोन लाख उरायचे, त्यापेक्षा लोकांकडं सरळ मागू. आणि एक तिसरं मत अशा प्रत्येक वेळी निघतंच: परदेशात गेलेत ना, त्यांनी द्यावेत.

मी चौदा वर्षं इंग्लंडात, लेस्टरजवळ राहते. तिसऱ्या मताचं उत्तर आधी देते, कारण तिथं प्रश्न मनाचा नाही, कायद्याचा आहे. माझ्या नवऱ्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे. त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी योगदान धरली जात नाही. मी ब्रिटिश नागरिक झाले, माझ्याकडं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) आहे, म्हणून त्याच घरातून, त्याच पगाराच्या खात्यातून मी पाठवलेले पैसे परदेशी योगदान ठरतात. ते घ्यायला शाळेकडं एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, नाहीतर सरकारची पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि आधीच्या तीन वर्षांत मूळ कामावर पंधरा लाख खर्च झालेला असावा लागतो. शिवाय २०२० पासून असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतात. आपल्या शाळेची ही नोंदणी नाही. तेव्हा आमच्यापैकी कोण कोणत्या पासपोर्टवर आहे हे न विचारता ‘परदेशातून दोन लाख’ असा आकडा कागदावर लिहू नका. शाळा चांगल्या मनानं अडचणीत येईल.

आता मूळ वादाकडं येते. दोन्ही गट खर्चाचा हिशेब करतायत. मला त्याआधी एक विचारायचंय: त्या संध्याकाळी देणगी देणाऱ्याची गाठ कुणाशी पडणार आहे?

इथं आमच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांच्या यजमानांचे शेवटचे पाच आठवडे हॉस्पिसमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या ठिकाणी गेले. इंग्लंडात प्रौढांच्या हॉस्पिसना सरकारकडून खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा मिळतो, बाकीचं समाजातून उभं राहतं. आजी दरवर्षी सप्टेंबरात त्या हॉस्पिससाठी घरी कॉफी मॉर्निंग ठेवतात. ही इथली रुळलेली रीत आहे. कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या मॅकमिलन संस्थेनं १९९० मध्ये ती सुरू केली आणि आता देशभर लोक आपापल्या घरी, कचेरीत, चर्चच्या हॉलमध्ये केक मांडून ती करतात. आजींकडं जास्तीत जास्त पंचवीस माणसं. दोन केक त्या भाजतात, बाकीचे आम्ही नेतो. मी पहिल्या वर्षी रव्याचे लाडू नेले होते. टेबलावर एक डबा असतो, शेजारी गिफ्ट एडचा कागद. कर भरणाऱ्यानं त्यावर नाव-पत्ता लिहून सही केली, की त्याच्या प्रत्येक पौंडामागं संस्थेला सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स मिळतात. त्याच कागदावर, पुढं संपर्क केला तर चालेल का, आणि पत्रानं, फोननं की ईमेलनं, असंही विचारलेलं असतं.

सकाळभरात फार मोठी रक्कम जमत नाही. पण हॉस्पिसची एक नर्स दरवर्षी येऊन बसते. ती भाषण करत नाही, कॉफी पिते, लोक विचारतील ते सांगते. रात्री तीन वाजता घाबरलेल्या माणसाजवळ बसून काय करता, असं मी तिला विचारलं होतं. तिनं जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. दोन आठवड्यांनी पत्र आलं: सगळ्या घरांतून मिळून किती जमले, कशावर गेले. मार्चमध्ये फोन आला, बागेत ट्युलिप फुललेत, बघायला या. पैशाचा विषयच नव्हता. त्यानंतर मी दर महिन्याला थोडे पौंड देऊ लागले आणि अजून देते.

इथलं सगळं असंच आहे असं मात्र समजू नका. माझ्या कचेरीत दर आठवड्याला कुणीतरी धावणार असतं, पोहणार असतं, सायकल चालवणार असतं, आणि त्याची लिंक येते. मी दहा पौंड देते आणि दुपारपर्यंत संस्थेचं नाव विसरते. माझी गाठ धावणाऱ्या सहकाऱ्याशी पडलेली असते, ज्यांच्यासाठी तो धावला त्यांच्याशी नाही. पुढच्या वर्षी तो धावला नाही तर माझे दहा पौंडही जात नाहीत.

गाण्याच्या कार्यक्रमाबद्दल माझी भीती हीच आहे. लोक गायकासाठी येतील, गाणं ऐकून तृप्त होऊन जातील. मध्यंतरात दहा मिनिटं शाळेची चित्रफीत दाखवाल, तेव्हा अर्धी माणसं चहाच्या रांगेत असतील. पुढच्या तीन रांगा सन्मानिकांच्या. त्या रांगांतली मंडळी उशिरा येतात, सत्कार झाला की निघतात, आणि पाचशे रुपये मोजून आलेला शिक्षक मागच्या खुर्चीवरून रिकाम्या रांगा बघत बसतो. ज्यानं पैसे दिले त्याला मागं बसवू नका, एवढं तरी माझं ऐका. स्मरणिकेच्या मात्र मी विरोधात नाही. जाहिरातीसाठी मोती चौकापासून पोवई नाक्यापर्यंत दुकानादुकानांत जावं लागतं. तिथं शाळेतल्या बाई गेल्या, एखाद्या मुलाची आई गेली, तर पेढ्याच्या दुकानातला मालक दहा मिनिटं बसवून घेईल, विचारपूस करील. कमिशनवर माणूस पाठवलात तर जाहिरात मिळेल आणि ती दहा मिनिटं जातील.

‘सरळ मागू’ म्हणणाऱ्यांनाही मला थांबवायचंय. माझा पासपोर्ट भारतीय होता तोवर सहा वर्षं मी आपल्या जिल्ह्यातल्या एका संस्थेला पैसे पाठवत होते. पावती वेळेवर यायची. सातव्या वर्षी बाळंतपणाच्या गडबडीत राहून गेलं. कुणी विचारलंही नाही. पैसे का आले नाहीत हे विचारायला नको होतं, पण बाई, बऱ्या आहात ना, एवढं चाललं असतं. पुढं मी पाठवलेच नाहीत. ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या करवजावटीचं सांगून लोक दरवर्षी देत राहतील, हाही भरवसा आता धरू नका. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही आणि जुनीत असलेल्यालाही दोन हजारांवरच्या रोख देणगीवर ती नाही.

आपल्याच मातीत याहून शहाणी रीत होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण शाळेत शिकलो. पण मला जास्त विचार करायला लावतो तो मुष्टिफंड. घरातल्या बाईनं रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं. मूठ म्हणजे घराला जड नाही. पण रोज हात धान्यात जाताना कुणाच्या तरी लेकराची आठवण होणार. वर्षातून एकदा पोतं देणाऱ्याला ती तेवढ्या वेळा होत नाही. तेच २०१६ च्या वॉटर कपमध्ये, गावांच्या पाणी अडवण्याच्या स्पर्धेत दिसलं. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं ते लोकांनी स्वतः कुदळ-फावडं धरलं म्हणून. माझा मावसभाऊ पुढं एका १ मेला पुण्याहून श्रमदानाला असाच एका गावी गेला होता. आजही जूनमध्ये तो त्या गावात फोन करून विचारतो, पाऊस झाला का.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. गाडी एकदाच घ्यायची, पण चालवायची रोज. डिझेल, चालकाचा पगार, विमा, टायर, हे दरवर्षी लागणार. गाडीच्या मोठ्या रकमेसाठी कंपन्यांच्या सीएसआरकडं, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीकडं अर्ज करा. त्यासाठी शाळेची सीएसआर-१ ची नोंदणी आधी करून घ्या, ते काम आपल्या वर्गातला सीए करील. आणि समाजाला बोलवा ते गाडी चालवण्यासाठी. एका रविवारी शाळेतच पंगत घाला: पिठलं, भाकरी, खर्डा, कांदा. भाकरी वर्गातल्या घराघरांतून येऊ द्या. वाढायला मुलं असू द्यात, हळू वाढतील, सांडेल, जेवणाऱ्यांना थांबावं लागेल. जेवणारा आणि वाढणारा यांची तेवढ्यात ओळख होते. व्यासपीठ नको, शाल-श्रीफळ नको. ‘एका दिवसाचं डिझेल’, ‘एका महिन्याचं डिझेल’ अशा पावत्या ठेवा. जो महिना घेईल त्याला त्या महिन्याच्या शेवटी दोन ओळी पाठवा: गाडी किती दिवस गेली, किती मुलं आली, कोण आजारी होतं.

यातून पंगतीच्या दिवशी गाण्याच्या कार्यक्रमाइतके पैसे जमणार नाहीत, हे मला कबूल आहे. वाड्यांवरची मुलं घरी बसलेली असताना ‘थांबा, हळू करू’ म्हणणं मला इथून सोपं जातं, तेही खरं. म्हणून तोवर भाड्याच्या जीपचा खर्च आपल्या वर्गानं उचलावा. नवऱ्यानं पहिल्या दोन महिन्यांचे पैसे काढून ठेवलेत, ते त्याच्या खात्यातून येतील.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी साताऱ्यात आहे. पंगत त्या सुमारास धरलीत तर बरं. आणि शाळा सुरू असेल तर सकाळच्या खेपेला मला परळी खोऱ्यात जायचंय. मुलं बसून जागा उरली, तर एक माझ्यासाठी ठेवा.