पंखे काढा म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘होम थिएटरच्या कॉम्प्युटरचा आवाज कायमचा बंद करा’ असा एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय. त्यात सांगितलंय: सगळे पंखे काढा, प्रोसेसरवर मोठा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) असला की पुरे, मशीन टीव्हीखालच्या कपाटात ठेवून दार लावा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधला लेप) सढळ हाताने भरा, धुळीची चिंता सोडा. माझ्या मामेभावाने हे वाचून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला होता, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक सल्ला कपाटाचा. पंखा नसला की हीटसिंकची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर: तापलेली हवा वर निघून जाते आणि खालून गार हवा येते. दार लावल्यावर ही गार हवा येणार कुठून? तीच ती हवा आत तापत राहते, आणि लाकूड-प्लायवूडमधून उष्णता सहज बाहेर पडत नाही. खोलीत 28 अंश असताना प्रोसेसर 65 वर चालत असेल आणि कपाटातली हवा 48 वर गेली, तर तोच प्रोसेसर 85 च्या आसपास पोहोचणार. हीटसिंक कितीही मोठा घ्या, भोवतालच्या हवेपेक्षा तो गार होत नाही.

प्रोसेसर निदान स्वतःला सांभाळतो. 100 अंशांच्या जवळपास गेला की वेग कमी करतो, मग सिनेमा अडखळेल एवढंच. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना, म्हणजे वीज साठवणाऱ्या बारक्या डब्यांना, ही सोय नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. बऱ्याच हार्ड डिस्कची मर्यादा 60 अंशांची असते. मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

आता ‘मोठा हीटसिंक’. नेहमीच्या हीटसिंकची पाती दाटीवाटीने बसवलेली असतात, कारण त्यांतून पंखा हवा ढकलणार हे गृहीत धरलेलं असतं. पंखा काढला की त्या फटींतून हवा नीट सरकतच नाही. बिनपंख्याचा हीटसिंक कसा असतो ते नोक्टुआ या कूलर बनवणाऱ्या कंपनीचा एनएच-पी1 पाहून कळेल. 2021 साली आलेला, जवळपास 1.2 किलोचा, पाती जाड आणि एकमेकांपासून लांब. आणि एवढं करूनही कंपनीने त्याच्या जोडीला 120 मिमीचा एक संथ पंखा आणलाच, जास्त भार पडेल तेव्हासाठी. बनवणाऱ्यांनाच पंख्याची गरज वाटते, तर मेसेज लिहिणाऱ्याला कसला भरवसा?

पंखा म्हणजे आवाज, हेही खरं नाही. आवाज येतो वेगामुळे. त्याच पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. 120 मिमीचा चांगला पंखा 500-600 आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) सोफ्यावरून ऐकूच येत नाही, आणि हा वेग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, दोन मिनिटांत ठरवता येतो. 40 मिमीचे बारके पंखे मात्र चिरकतात, ती तक्रार रास्त.

आणि हो, इंटेल एन100 सारख्या 6 वॉटच्या चिपला पंखा लागत नाही, हे मान्य करावं लागेल. पण उघड्यावर ठेवलं तर! गेमिंगचं जुनं मशीन टीव्हीला जोडणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

पेस्ट पातळच हवी. जाड थर उष्णता अडवतो. पंखा नसला की धूळ आत कमी जाते, पण बसते, पाती पुसावीच लागतात. आणि पंखे काढूनही कुरकुर येत असेल तर ती बहुधा हार्ड डिस्कची आहे. तिथे एसएसडी लावा, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क.