उंदरांचा दाखला देऊन औषध बंद करू नका

एकट्या उंदरांनी मॉर्फिन प्यायले, सोबत्यांमध्ये राहणाऱ्या उंदरांनी त्याला तोंडही लावले नाही, म्हणजे व्यसन हा केवळ प्रेमाचा अभाव. मुलाला २१ दिवस घरच्या माणसांत ठेवा, मेंदू पूर्ववत होतो. आणि जिभेखालची गोळी हे दुसरे व्यसनच असल्यामुळे ती बंद करा, अशा आशयाचा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो वाचून फोंड्याच्या माझ्या मावशीने, हेरॉइन सोडून सावरू लागलेल्या मावसभावाची ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे ओढ आवरणारी हीच जिभेखालची गोळी चतुर्थीपासून थांबवायचे ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

उंदरांचा प्रयोग झाला होता, हे खरे. कॅनडातील ब्रूस अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो केला. मात्र सोबत्यांमधल्या उंदरांनीही मॉर्फिन प्यायले, फक्त कमी प्यायले. आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पुनर्प्रयोगात तसा फरक दिसला नाही. सोबतीचा उपयोग होतो, एवढे मात्र मान्य करावे लागते, कारण मार्को व्हेनिरो आणि सहकाऱ्यांच्या २०१८च्या अभ्यासात, निवड करू दिल्यावर उंदरांनी अमली पदार्थापेक्षा दुसऱ्या उंदराची सोबत पसंत केली. पण त्यावरून औषध नको, हा निष्कर्ष कोठून आला?

२१ दिवसांचा दावा तर निव्वळ कपोलकल्पित आहे. अनपेक्षित लाभ झाला की मेंदूतील डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोराने उद्दीपित होतात आणि त्या लाभाची चाहूल देणारी खूण शिकली जाते. लाभ अपेक्षित झाला की हा प्रतिसाद ओसरतो. हेरॉइन, मॉर्फिन यांसारखे अफूवर्गीय पदार्थ या पेशींना आवर घालणाऱ्या पेशीच दाबून टाकतात, त्यामुळे डोपामिन वाढतच राहते आणि वारंवारच्या सेवनाने पदार्थाशी जोडलेल्या खुणा खोलवर रुजतात. २००१ साली शालेव आणि सहकाऱ्यांनी कळ दाबून हेरॉइन घ्यायला शिकलेल्या उंदरांचा पदार्थ बंद केला आणि वेगवेगळ्या मुदतींनंतर, काहीच मिळत नसताना ते कळ किती दाबतात, हे मोजले. एका दिवसाने तपासलेल्या उंदरांपेक्षा ६, १२ आणि २५ दिवसांनी तपासलेल्या उंदरांनी ती अधिक दाबली. ज्या मुदतीत मेंदू पूर्ववत होतो असे संदेश सांगतो, त्याच मुदतीत ओढ वाढलेली होती.

सर्वांत घातक आहे ते गोळीबद्दलचे विधान. हेरॉइन पेशींवरील ज्या ग्राहींना, म्हणजे पदार्थ चिकटण्याच्या जागांना, चिकटते, त्याच ग्राहींवर ब्युप्रेनॉर्फिन अंशतः आणि दीर्घकाळ काम करते, त्यामुळे ओढ आणि शारीरिक त्रास दोन्ही आटोक्यात राहतात. २००५पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थान आहे. ते अचानक थांबवले की शरीराची सहनशक्ती घटते, पण शिकलेली ओढ तशीच उरते, आणि पूर्वी पचणारी हेरॉइनची मात्रा आता श्वास थांबवू शकते. मात्रा कमी करायचीच असेल, तर ती डॉक्टरांनी, रुग्णाची प्रकृती पाहत, हळूहळू करायची असते. सणाची तारीख पाहून घरच्यांनी नव्हे.