तूप, मेण, कोलेस्टेरॉल आणि एक पोतं : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

'लिपिड प्रोफाइलमध्ये नेमकं काय तपासतात' या, रक्तातल्या चरबीच्या म्हणजे लिपिडच्या तपासणीवरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. तिथेच उत्तर टाइप करायला घेतलं, पण ते लांबतच गेलं, म्हणून वेगळं लिहितेय. इतरांसाठी सांगते: सरांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंय आणि त्यांच्या तीन तक्रारी आहेत. 'सगळे लिपिड ग्लिसरॉल आणि मेदाम्लं (फॅटी ॲसिड) मिळून बनतात' हे माझं वाक्य साफ चूक. तूप, मेण, कोलेस्टेरॉल आणि जीवनसत्त्व ड एकाच पोत्यात भरणं हे किराणा दुकानदाराचं काम, शास्त्राचं नव्हे. आणि त्यांच्या स्वतःच्या रिपोर्टमध्ये एलडीएलसमोर (म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात त्यासमोर) आकडाच नव्हता, पैसे मात्र पूर्ण घेतले.

पहिल्या तक्रारीवर बोलायला मला जागाच नाही. ते वर्णन तेल-तुपाचं, म्हणजे ट्रायग्लिसराइडचं आहे: एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली. मेणात ग्लिसरॉल नसतं, तिथे लांब मेदाम्लाला तितकंच लांब अल्कोहोल जोडलेलं असतं. कोलेस्टेरॉलमध्ये तर दोन्ही नाहीत, एकमेकांना चिकटलेली चार कडी आणि मागे एक शेपूट. मी तेलाचं वर्णन अख्ख्या कुळाला लावून मोकळी झाले. वाक्य बदललंय.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र भांडणार आहे.

तुमचा प्रश्न असा, की प्रथिनांची वीट अमिनो आम्ल, पिष्टाची वीट ग्लुकोज, तर लिपिडची वीट कोणती? वीट नाही, सर. हे कुळ रचनेवरून नाही, वागण्यावरून ठरलं. पाण्यात विरघळत नाही, क्लोरोफॉर्म-ईथरसारख्या द्रावकात विरघळतं, ते लिपिड. व्याख्या ढोबळ आहे, मान्य. पण शरीरात या रेणूंना जी कामं मिळाली, ती बहुतेक या पाण्याशी न जमण्यामुळेच मिळाली.

शेंगा चटणी कुटताना बघा. आमच्याकडे अजून उखळ आहे. भाजलेल्या शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, पण दाणा हातात घेतला तर बोटं फारशी तेलकट होत नाहीत, कारण ते तेल पेशींमध्ये बारीक थेंबांत कोंडलेलं असतं. मुसळाचे घाव बसले की थेंब फुटतात, एकमेकांना मिळतात आणि चटणी चकाकायला लागते. झाडानं ते साठवलं कोंबासाठी. ग्रॅमला 9 किलोकॅलरी, पिष्टाच्या दुपटीहून जास्त, आणि सोबत पाणी बाळगायची गरज नाही. आपलं शरीर ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) साठवतं तेव्हा त्याच्या दुपटी-तिपटीनं पाणीही साठवावं लागतं. चरबी कोरडीच राहते, म्हणून साठा चरबीत.

आता फॉस्फोलिपिड. ग्लिसरॉलला दोनच मेदाम्लं, तिसऱ्या जागी फॉस्फेटचं डोकं. डोक्याला पाणी हवं, शेपट्यांना नको. असे रेणू पाण्यात सोडले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून दुहेरी थर आपोआप तयार होतो. तेच पेशीपटल. हे कळलं कसं, तो किस्सा तुम्हाला आवडेल. 1925 मध्ये हॉलंडमधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींचे लिपिड ॲसिटोननं काढले, पाण्यावर एकपदरी पसरले आणि क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणून थर दुहेरी. पुढे लक्षात आलं की ॲसिटोननं सगळे लिपिड निघाले नव्हते, आणि पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना फेडलं आणि उत्तर बरोबर आलं. माझ्या चुकीला तशी जोडीदारीण मिळाली नाही.

या थरात मधे मधे कोलेस्टेरॉल बसतं आणि थर फार प्रवाही किंवा फार कडक होऊ देत नाही. त्यापासूनच यकृतात पित्ताम्लं बनतात, ग्रंथींमध्ये कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन बनतात. त्याच्याच एका आधीच्या रूपावर त्वचेत ऊन पडलं की जीवनसत्त्व ड. सोलापूरच्या उन्हाला आपण इतक्या शिव्या घालतो, म्हणून आवर्जून सांगितलं.

आणि पोत्याबद्दल एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉल, दोन्ही शरीर एकाच कच्च्या मालापासून घडवतं: दोन कार्बनचा ॲसिटेटचा तुकडा. म्हणून तर मेदाम्लांतले कार्बन बहुधा सम संख्येत असतात, 16, 18. या जोडकामाचा माग काढल्याबद्दल ब्लॉख आणि लिनेन यांना 1964 चं नोबेल मिळालं. पोतं दुकानदाराचं असेल, पण माल एकाच शेतातला आहे.

रचनेतल्या लहानशा फरकानं काय होतं ते तुम्ही वर्गात शिकवलंच असेल, तरी राहवत नाही. तीन मेदाम्लं घ्या, तिन्हींत कार्बन 18 च. स्टिअरिक आम्लात एकही दुहेरी बंध नाही, ते सुमारे 69 अंशांना वितळतं. ओलेइकमध्ये एक बंध, सुमारे 13 अंश. लिनोलेइकमध्ये दोन, शून्याच्याही खाली. प्रत्येक बंधापाशी साखळी वाकते आणि वाकड्या साखळ्या नीट रचून बसत नाहीत. आपल्या करडईच्या नेहमीच्या तेलात लिनोलेइकच सगळ्यात जास्त. त्यामुळे गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, थंडीत असे बंध फारसे नसलेलं खोबरेल बाटलीत दगड होतं आणि करडईचं मुकाट ओतलं जातं. (याच यात्रेत यण्णीमज्जन, म्हणजे तेलस्नानाचा विधी असतो, तेव्हा सिद्धेश्वरांच्या 68 लिंगांना तेल लावतात. कानडीत तेलाला 'यण्णे' म्हणतात हे मला नोकरीला लागल्यावर एका पेशंट आजींनी सांगितलं.) त्याच बंधांवर हवेतला ऑक्सिजनही हल्ला करतो, म्हणून हे तेल लवकर खवट होतं.

आता तुमचा रिपोर्ट. तुमची तपासणी आमच्या लॅबमध्ये झालेली नाही, पण झालं काय असेल ते सांगते. रक्त गोठल्यावर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर सिरम येतं, फिकट पिवळं, इतकं नितळ की मागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतात. लग्नसराईत एक काका आले होते. "उपाशीच आहे हो ताई." नळी फिरवली तर सिरम ताकासारखं पांढरं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर वर चक्क साय धरली. ती जेवणातली चरबी, आतड्यातून रक्तात निघालेली. दुसऱ्या दिवशी काकांनी कबूल केलं: कडक भाकरी, शेंगा चटणी, वर कच्चं तेल, सकाळी सात वाजता.

एलडीएल बऱ्याच ठिकाणी थेट मोजत नाहीत. फ्रीडवाल्ड यांच्या 1972 च्या सूत्रानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हा पाचवा भाग भरवशाचा राहत नाही, म्हणून रकाना रिकामा सोडतात. तुमचं 436 आहे, तुम्हीच लिहिलंय. आकडा दिला नाही हे बरोबरच केलं, पण त्यामागचं कारण सांगितलं नाही ही त्यांची चूक. 12 तास उपाशी राहून पुन्हा द्या, 'डायरेक्ट एलडीएल' सांगून करून घ्या, आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी, सर. चहासुद्धा नाही.